चेहरा ओढतोय, पापुद्रे सुटताहेत? शेतासारखाच कातडीचाही वाफसा सांभाळा

सातारा/सांगली : दिवाळी सरते, पहाटे अंगावर शाल घ्यावी लागते आणि माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत घरोघरी एकच तक्रार सुरू होते. "तोंड धुतलं की कातडं नुसतं ओढतंय बघ." हसलं तर गालाला ताण बसतो, नाकाच्या कडेला पांढरे पापुद्रे सुटतात, ओठ उलतात. कुणी खोबरेल चोपडतं, कुणी दुधाची साय लावतं, कुणी मोबाईलवर बघून लिंबू-हळदीचा लेप थापतं. यातलं काहीच लागू पडलं नाही की मेडिकलमध्ये जाऊन "चेहऱ्याला काहीतरी द्या" म्हणायचं आणि मिळेल ती ट्यूब आणायची.

खरी भीती त्या शेवटच्या ट्यूबची आहे. तिच्याबद्दल पुढं सांगणारच आहोत. पण आधी चेहरा कोरडा का पडतो आणि कमी खर्चात त्याची रोजची निगा कशी ठेवायची, ते बघू. हे फक्त बायकांसाठी नाही. रानात राबणारा गडी, कॉलेजची पोरं, ट्रॅक्टरवाला, म्हातारी माणसं, सगळ्यांच्या कातडीचं गणित सारखंच असतं.

कातडी म्हणजे विटांची भिंत

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी समजा. मेलेल्या, चपट्या पेशी म्हणजे विटा. त्या विटांच्या सांध्यात जो माल भरलेला असतो, तो स्निग्ध पदार्थांचा, म्हणजे एक प्रकारच्या चरबीचा. या मालातला मोठा भाग सेरामाइड नावाच्या घटकाचा असतो. सांधे पक्के असले की आतलं पाणी बाहेर उडून जात नाही आणि बाहेरची धूळ, औषधं, जंतू आत शिरत नाहीत.

साबण, गरम पाणी, वारा आणि ऊन यांनी हा माल धुऊन निघतो. सांधे उघडे पडले की आतलं पाणी उडायला लागतं. मग कातडी ताणते, खरखरीत होते, पापुद्रे सुटतात. साधी पावडर किंवा क्रीम लावलं तरी झोंबतं, कारण भिंतीला फटी पडलेल्या असतात.

इथं एक फरक नीट समजून घ्या. कातडीला दोन गोष्टी लागतात, तेल आणि पाणी. काहींच्या कातडीत मुळातच तेल कमी तयार होतं. त्यांचा चेहरा बारा महिने कोरडा असतो आणि वय वाढेल तसा जास्त कोरडा होतो. काहींच्या कातडीत तेल असतं, पण पाणी उडून गेलेलं असतं. अशा माणसाचं कपाळ आणि नाक तेलकट दिसतं, तरीही गाल ओढतात. "माझा चेहरा तेलकट आहे, मला कशाला क्रीम?" असं म्हणत ही माणसं दिवसातून चार वेळा साबणानं तोंड धुतात आणि कोरडेपणा आणखी वाढवून घेतात.

शेतकऱ्याला हे पटकन कळेल. उसाला पाणी दिलं आणि पाचट पेटवून रान उघडं ठेवलं, तर चार दिवसात भेगा पडतात. तेच पाचटाचं आच्छादन केलं तर ओल टिकते. पाणी न देता नुसतं आच्छादन टाकलं, तरी खालची कोरडी माती ओली होत नाही. चेहऱ्याचंही असंच आहे. आधी ओल, मग आच्छादन. आणि हे आच्छादन टाकायचं ते वाफशावर, म्हणजे चेहरा टिपल्यावर तो थोडासा ओलसर असतानाच. पूर्ण सुकल्यावर लावलेल्या क्रीमचा उपयोग निम्माच होतो.

आपल्या भागात हे जास्त का होतं?

महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला माण, आटपाडी, जत भागात आलं की तोच आकडा जेमतेम ५०० च्या आसपास येतो. एकाच पट्ट्यात हवेतल्या ओलाव्याचा एवढा फरक आहे. हिवाळ्यात पूर्वेकडच्या तालुक्यांत कोरडा वारा सुटतो आणि तो उघड्या चेहऱ्यावरचं पाणी ओढून घेतो. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या लोकांनीही निर्धास्त राहू नये. पावसाळ्यात तिथं ओलावा असतो, पण थंडीत गार वारा आणि बंबाचं कडकडीत पाणी यांची जोडी तिथंही चेहरा कोरडा करतेच.

दुसरं कारण बोअरचं पाणी. दुष्काळी भागात खोलवरच्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. अशा जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण आणखी साबण घासतो. क्षार आणि साबण मिळून एक चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला पांढरी रेघ दिसते ना, तसाच तो चेहऱ्यावरही बसतो आणि कातडी ओढायला लागते.

तिसरं कारण आपली कामं. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडं द्राक्षावरच्या फवारण्या, बेदाण्याच्या शेडवर डिपिंगचं द्रावण आणि गंधकाची धुरी. कराड-शिराळ्याकडं गुऱ्हाळाच्या चुलवणाची धग. सांगलीकडं हळद शिजवणं आणि पॉलिश करताना उडणारी धूळ. ऊसतोडीला पाचटाची कुसळं, वीटभट्टीवर राख आणि उष्णता. घरात चुलीचा धूर. या सगळ्याचा पहिला मार चेहऱ्यावर बसतो.

आणि चौथं कारण म्हणजे अंगाचा साबण तोंडाला लावणं. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो. माती परीक्षणाच्या कागदावर जो सामू बघतो तोच हा. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. चोपण रानात पीक कसं पिवळं पडतं हे आपल्याला सांगायला नको. रोज दोन-तीन वेळा चेहऱ्यावर असा साबण घासला की कातडीचीही तीच गत होते.

घरच्या घरी अशी करा पारख

सकाळी नुसत्या कोमट पाण्यानं तोंड धुवा. टिपून घ्या आणि तासभर काहीही लावू नका. मग उजेडात आरशासमोर बघा.

- सगळा चेहरा ओढल्यासारखा, निस्तेज, खरखरीत वाटतो : कातडी मुळात कोरडी आहे.
- नाक-कपाळ चमकतं, पण गाल ताणतात, गाल हलकेच चिमटीत धरला की बारीक बारीक रेघा दिसतात : पाणी कमी पडलंय.
- नाकाच्या कडेला, भुवयांत, दाढी-मिशीच्या जागी पिवळसर, तेलकट कोंडा आहे आणि डोक्यातही कोंडा आहे : हा साधा कोरडेपणा नाही. यावर खोबरेल चोपडलं तर बऱ्याचदा वाढतो. डॉक्टरला दाखवा.

रोजचा क्रम : तीनच कामं, पण न चुकता

मोबाईलवर दहा-दहा बाटल्यांचे व्हिडिओ दिसतात. त्यातलं बहुतेक काही लागत नाही. धुणं, ओल धरणं आणि ऊन अडवणं, ही तीन कामं नीट झाली तरी बास.

सकाळी : रात्री चेहरा स्वच्छ केलेला असेल तर सकाळी साबणाची गरज नाही. साधं किंवा कोमट पाणी पुरे. कडक गरम पाणी चेहऱ्यावर घेऊ नका. अंघोळीचं पाणी कढत लागत असेल, तर तोंडासाठी तांब्याभर वेगळं विसावून घ्या. टॉवेलनं खसाखसा पुसू नका, मऊ सुती कापडानं टिपा. दोन-तीन मिनिटांच्या आत, चेहरा वाफशावर असतानाच मॉइश्चरायझर लावा. हरभऱ्याएवढे चार-पाच ठिपके कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटीवर ठेवायचे आणि हलक्या हातानं पसरायचे. मानेला विसरू नका.

रानात किंवा गाडीवर जायचं असेल तर पंधरा-वीस मिनिटं आधी सनस्क्रीन. डब्यावर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असावं. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांच्या लांबीइतकी मलमाची रेघ लागते. करंगळीच्या टोकावर घेऊन लावलं तर उपयोग नाही. घाम आला की दोन-तीन तासांनी ते परत लावावं लागतं. रोज एवढं परवडत नसेल तर मन खट्टू करू नका. रुंद काठाची टोपी, पदर, ओढणी किंवा सुती टॉवेल चेहऱ्याभोवती नीट बांधला तरी मोठं काम होतं. दुपारचं ऊन चुकवून कामाच्या वेळा लावता आल्या तर आणखी चांगलं.

दुपारी : धूळ, पाचट, घाम असेल तर फक्त पाण्यानं तोंड धुवा आणि थोडं मॉइश्चरायझर परत लावा. फवारणी केली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथं पाण्यावर भागवू नका. आधी हात साबणानं स्वच्छ धुवा, मगच चेहऱ्याला हात लावा. चेहरा, मान साबणानं धुऊन, अंघोळ करून कपडे बदला. औषध कातडीवर राहण्यापेक्षा एक वेळ कातडी कोरडी पडलेली बरी. नंतर मॉइश्चरायझर लावलं की झालं. फवारताना तोंडाला बांधलेला टॉवेल घाम पुसायला वापरू नका, त्यावरचं औषध चेहऱ्याला लागतं.

रात्री : दिवसभराची धूळ आणि सनस्क्रीन काढायला रात्री एकदाच सौम्य फेसवॉश किंवा क्लिन्झर वापरा. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त, हा गैरसमज आहे. धुतल्यावर चेहरा करकरीत वाजला तर तो माल धुऊन निघाल्याची खूण समजा. पाणी जड असेल तर शेवटचा एक तांब्या गावातल्या आरओच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा घ्या. तुरटी फिरवून पाणी निवळतं, पण त्यातले क्षार जात नाहीत. टिपल्यावर ओलसर चेहऱ्याला मॉइश्चरायझर, आणि ज्या जागा फारच कोरड्या आहेत तिथं वरून पेट्रोलियम जेलीचं पातळ बोट फिरवा. ओठांनाही तीच. ओठ जिभेनं चाटत राहिलात तर ते आणखी उलतात.

दाढी करणाऱ्यांसाठी एवढंच : दाढी अंघोळीनंतर करा, केस मऊ झालेले असतात. दाढीनंतर तुरटी फिरवायची सवय असेल तर ती आधी सोडा, तुरटी कातडी आवळते आणि कोरडी करते. त्याऐवजी मॉइश्चरायझर लावा. सलूनमध्ये बसलात तर ब्लेड नवीन घ्यायला सांगा.

दुकानात काय मागायचं?

नाव आणि जाहिरात बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. मोबाईलचा कॅमेरा झूम करून वाचता येतात.

ओल धरणारे घटक : ग्लिसरीन, हायलुरोनिक ॲसिड. सांधे भरणारे : सेरामाइड. आच्छादन घालणारे : पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन, डायमेथिकोन. यातले दोन-तीन घटक एका क्रीममध्ये असले तरी भागतं. सगळ्यात महागडंच घ्यायला हवं असं अजिबात नाही. थंडीत लोशनपेक्षा घट्ट क्रीम बरं, उन्हाळ्यात पातळ लोशन किंवा जेल चालतं. पिंपल्स येणाऱ्या पोरापोरींनी डब्यावर नॉन-कॉमेडोजेनिक लिहिलंय का बघावं आणि चेहऱ्याला जड तेलं टाळावीत.

वास जितका भारी, तितकं कोरड्या कातडीला झोंबण्याची शक्यता जास्त. त्यामुळं बिनवासाचं मागा.

साबणाच्या कागदावर टीएफएम लिहिलेलं असतं. ग्रेड १ च्या अंघोळीच्या साबणात ते किमान ७६ टक्के, ग्रेड २ मध्ये ७० आणि ग्रेड ३ मध्ये ६० टक्के असावं लागतं. अंगाला साबण घेताना हे बघून घ्या. तरी जास्त टीएफएमचा साबणही साबणच, त्याचा सामू जास्तच असतो. म्हणून कोरड्या चेहऱ्याला तो रोज नको.

खर्चच करायचा नसेल तर? मेडिकलमध्ये ग्लिसरीनची छोटी बाटली मिळते. एक भाग ग्लिसरीनमध्ये तीन-चार भाग उकळून गार केलेलं पाणी मिसळा, ओलसर चेहऱ्याला लावा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा. हे पाणी दोन दिवसांपेक्षा जास्त साठवू नका, थोडं थोडं बनवा. नुसतं घट्ट ग्लिसरीन चोपडू नका, ते चिकटतं आणि कोरड्या हवेत काहींना उलट झोंबतं.

कोणतीही नवी वस्तू थेट तोंडाला लावायची नाही. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागं रोज थोडी लावून पाच-सात दिवस बघा. खाज, लाली, पुरळ आलं नाही तरच चेहऱ्यावर घ्या. आणि एका वेळी एकच नवी वस्तू. चार एकदम सुरू केल्या तर बाधली कोणती, ते कळायचं नाही.

घरचे उपाय : कोणता ठेवायचा, कोणता सोडायचा

खोबरेल तेल : अंगाला, हातापायाला उत्तम. चेहऱ्यालाही चालतं, पण ओलसर कातडीवर दोन-तीन थेंबच. पिंपल्स येत असतील तर नको.

दुधाची साय : लावल्यावर मऊ वाटतं, कारण तिच्यात स्निग्धपणा असतो. लावून धुऊन टाकली तर ठीक, पण चेहऱ्यावर तशीच रात्रभर ठेवू नका.

लिंबू : चेहऱ्यावर अजिबात नाही. लिंबाचा रस फार आंबट, त्यानं उघडे पडलेले सांधे आणखी भाजतात. लिंबू लावून उन्हात गेलं तर काळे डाग आणि फोडही येतात. ग्लिसरीन-गुलाबपाणी-लिंबू या जुन्या मिश्रणातलं लिंबू तेवढं वगळा.

मुलतानी माती, डाळीचं पीठ, उटणं : हे तेल शोषून घेतात. तेलकट कातडीला अधूनमधून ठीक, कोरड्या चेहऱ्याला रोज लावणं म्हणजे तहानलेल्या रानातून पाणी उपसणं. दिवाळीच्या अभ्यंगात आधी तेल चोळतात आणि मग उटणं लावतात, त्यात शहाणपण आहे. आपण तेल विसरलो आणि नुसतं उटणं धरून बसलो.

हळद : सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती आपल्या भागाची शान आहे. पण कोरडा चेहरा ओला करण्याचा गुण हळदीत नाही. काहींना तिची ॲलर्जीही येते. ताटातली हळद ताटात आणि लग्नातली लग्नात बरी.

भरपूर पाणी प्यायल्यानं चेहरा मऊ होतो का? रानात राबणाऱ्यानं, उन्हात घाम गाळणाऱ्यानं पाणी प्यायलाच हवं, ते अख्ख्या शरीरासाठी. पण घागरभर पाणी प्यायलं तरी उघड्या सांध्यांतून ते उडणारच. वरचं आच्छादन नसेल तर नुसत्या पाण्यानं चेहऱ्याचा कोरडेपणा जात नाही.

आता त्या ट्यूबबद्दल

"आठ दिवसात चेहरा उजळला, मऊ झाला, सगळे विचारायला लागले काय लावतेस." अशी सुरुवात होते. मग बहीण लावते, जाऊ लावते. दोन-चार महिन्यांनी ट्यूब संपली आणि लावायचं थांबलं की चेहरा लालबुंद होतो, आग होते, पुरळ उठतं, ऊन सोसत नाही. म्हणून ट्यूब परत आणली जाते. लावली की बरं वाटतं. हेच ते चक्र. पुढं पुढं कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, बायकांच्या हनुवटीवर लव वाढते.

हा स्टिरॉईडचा परिणाम असतो. स्टिरॉईड वाईट औषध नाही. एक्झिमासारख्या आजारात डॉक्टर ठरावीक दिवस, ठरावीक जागी ते देतात आणि गुण येतो. पण गोरं व्हायला, कोरडेपणा घालवायला म्हणून महिनोन्महिने लावणं म्हणजे चेहऱ्याची वाट लावणं. हा त्रास देशभर इतका वाढला की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी 'स्टिरॉईडनं बिघडलेला चेहरा' अशा अर्थाचं वेगळं नावच त्याला दिलं. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलून लावायची १४ स्टिरॉईड औषधं शेड्यूल एच मध्ये घातली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत.

घरात पडलेल्या ट्यूब आजच बाहेर काढा आणि त्यावरची नावं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन. यातलं काही असेल तर ती स्टिरॉईडची आहे. गजकर्णाच्या अनेक मिश्र मलमांतही ही नावं सापडतात. लाल रेघ आणि शेड्यूल एचचा इशाराही बघा. डॉक्टरनं लिहून दिलेलं नसेल तर चेहऱ्याला लावू नका. महिनोन्महिने लावत आला असाल तर एका दिवसात स्वतःच्या मनानं बंदही करू नका. त्वचेच्या डॉक्टरला ट्यूब दाखवा, ते हळूहळू सोडवतात. लाज वाटायचं कारण नाही.

दुसरा धोका लेबल नसलेल्या, डबीत भरून मिळणाऱ्या गोरेपणाच्या क्रीमचा. २०२३ च्या सुरुवातीला आपल्याच राज्यात अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींची किडनी बिघडल्याची बातमी आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, तेव्हा त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पाऱ्याचं प्रमाण भरमसाट आढळलं. त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातही डॉक्टरांनी अशाच क्रीम आणि किडनीच्या आजाराचा संबंध उघडकीला आणला. सौंदर्यप्रसाधनांत पारा घालायला भारतात परवानगी नाही. नकळत आलाच तर साध्या क्रीममध्ये दहा लाखात एक भाग एवढीच मर्यादा आहे. म्हणून डबीवर कंपनीचा पत्ता, घटकांची यादी, बॅच नंबर आणि परवाना नंबर नसेल, तर कुणी कितीही गोडीनं दिली तरी घेऊ नका. क्रीम लावायला लागल्यापासून अंगावर सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल तर क्रीम घेऊन थेट डॉक्टरकडं जा.

एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. सावळा रंग हा आजार नाही, त्याच्यावर औषध नको. लग्न ठरताना पोरीच्या रंगावर बोलणारी तोंडं बंद झाली तर या ट्यूबचा निम्मा धंदा बसेल.

कोरडेपणा वाटतो, पण निघतं वेगळंच

गाजर गवताची ॲलर्जी : आपण ज्याला काँग्रेस गवत म्हणतो त्याची देशातली नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि आता ते बांधाबांधावर आहे. त्याचे बारीक कण वाऱ्यानं उडून चेहऱ्यावर बसतात. पापण्या, मान, कानामागची जागा आणि कोपराची आतली बाजू जाड, काळपट, खाजरी होते. वर्षानुवर्षं लोक "कातडी कोरडी आहे" म्हणून तेल लावत बसतात. असं असेल तर गवत हातानं उपटू नका, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, काम झाल्यावर धुऊन घ्या आणि डॉक्टरला दाखवा.

पोरांच्या गालावरचे फिकट चट्टे : शाळकरी पोरांच्या गालावर फिकट, किंचित खरखरीत गोल डाग येतात. "कॅल्शियम कमी झालं" किंवा "जंत झाले" असं सगळे सांगतात. बहुतेक वेळा तो सौम्य एक्झिमाचा प्रकार असतो. मॉइश्चरायझर आणि उन्हापासून बचाव केला की काही महिन्यांत डाग भरून येतात.

बधिर चट्टा : अंगावर किंवा चेहऱ्यावर फिकट किंवा लालसर, कोरडा चट्टा आहे, तिथं घाम येत नाही आणि स्पर्श कळत नाही, तर एक दिवसही थांबू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, ६ किंवा १२ महिन्यांत आजार पूर्ण बरा होतो. उशीर केला तरच अपंगत्व येतं.

थायरॉइड आणि साखर : चेहऱ्याबरोबर सगळं अंग कोरडं पडलंय, वजन वाढतंय, केस गळताहेत, थंडी सोसत नाही, सारखा थकवा आहे, तर थायरॉइडची तपासणी करा. मधुमेहातही कातडी कोरडी पडते.

दाखवायचं कुठं?

आधी आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सांगितलं तर ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरशी बोलणं होऊ शकतं. पुढं त्वचेच्या डॉक्टरची गरज पडली तर साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जाताना चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या पिशवीत घालून न्या. डॉक्टरला अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

चार आठवडे धीर धरा

आज लावलं आणि उद्या चेहरा चमकला, असं होत नाही. ताण आणि खरखर दोन-चार दिवसांत कमी होते, पण कातडीचा वरचा थर नव्यानं बनायला साधारण महिना लागतो. तेवढा काळ क्रम मोडू नका, रोज नवा उपाय करू नका. महिना उलटूनही फरक नसेल, खाज झोप मोडत असेल, चिरा पडून पाणी किंवा रक्त येत असेल, तर घरी प्रयोग थांबवा आणि दवाखाना गाठा.

बागेला पाणी कधी द्यायचं, वाफसा कधी येतो, आच्छादन कसं करायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. रोज पाच मिनिटं तेवढंच लक्ष चेहऱ्याकडं द्या. आणि हा लेख वाचून संपला की पहिलं काम एकच : घरातली ती ट्यूब शोधा आणि तिच्यावरचं नाव वाचा.